दारातला फौजी

कुलपावर माझा विश्वास न्हाई. कुलूप चोराला अडवत न्हाई, घरात कोण न्हाई एवढं मात्र त्याला लांबनंच सांगतंय. ज्याला माझं म्हणणं पटत न्हाई त्यानं कराडजवळ मलकापुरात येऊन माझं दार बघावं, मग बोलावं.

हायवेच्या आतल्या अंगाला आमचा बंगला हाय. आमचा म्हंजे आकारामआण्णांचा. आण्णांनी हौसेनं बांधला, पोरं पुण्याला गेली, मग आण्णा बी तिकडंच राहायला गेले, आन् बंगल्याचे तुकडे करून भाड्यानं दिले. खाली हॉल आन् जेवणाची खोली मिळून एक घर. वर दोन बेडरूमा मिळून दुसरं, ते माझं. गॅलरी पत्र्यानं झाकून तिथं ओटा घातलाय. जिना एकच, घराच्या आतला, खालच्या साबेराच्या दारावरनं वर येणारा. बंगल्याचं मोठं दार एकदा कुणासाठी उघडलं की तो थेट माझ्या उंबऱ्यात.

आन् उंबऱ्यात काय, तर बेडरूमचं दार! प्लायवूडचं. आतनं एक कडी, तीबी नवराबायकोनं लावायची, चोरासाठी कुणी केलेली न्हाई. बाहेरनं कुलूप लावायला कोयंडासुद्धा नव्हता. मी मिस्त्री बोलवून ठोकून घेतला. त्यानं स्क्रू पिळला तसा खाली भुसा पडला. म्हणाला, "ताई, कोणी जोरात खोकलं तरी निघंल हे." वर मजुरी मागायला लाजला न्हाई.

आता माझं सांगते. माझा नवरा विश्वजीत फौजेत हवालदार व्हता. रिटायर होऊन आला आन् वर्षाच्या आत छातीत कळ येऊन गेला. गावाकडं, कडेगावात, हे सगळ्यांना ठावं हाय. मलकापुरात कुणाला न्हाई. लेकीच्या, रेश्माच्या, कॉलेजसाठी कराडला खोल्या शोधत व्हते तवा एकटी बाई म्हटलं की मालक अर्धं दार लोटून बोलायचे. चार दारं तशी बघितली आन् आण्णांच्या दारात मी सरळ सांगून टाकलं, "आमचे रिटायर फौजी हायत. डोकं जरा गरम हाय, माणसांत मिसळत न्हाईत. कवा इथं असतात, कवा कडेगावला उसात." आण्णा खूश झाले. म्हणाले, फौजी असला की बंगल्याला राखण झाली.

तवापासनं मी कडेगावला जायला निघाले की एसटीत कुंकू पुसते आन् मंगळसूत्र पर्समधी टाकते, आन् येताना कराडचं स्टँड यायच्या आत परत सगळं जागेवर. कंडक्टरला काय वाटत असंल ते वाटू दे. तिकीट मी पूर्ण काढते.

रेश्मा आता पुण्यात नोकरीला लागली. दिवाळीनंतर तिचं लग्न हाय. तिच्या बापानं पोस्टिंगवर असताना पोटाला चिमटा काढून तिच्यासाठी पाटल्या आन् मोहनमाळ केलीया. बँकेत लॉकरला नंबर लावलाय, अजून लागला न्हाई. तोवर सोन्याचे डाग घरात. कुठं ठेवलेत ते तुमाला बी सांगणार न्हाई.

म्हणून बूट. विश्वजीतचे काळे फौजी बूट मी दारात ठेवते. टाचा भिंतीला, नाक जिन्याकडं, दोन्ही एका रेषेत, त्यो ठेवायचा तसे. कवा आत घेते, कवा बाहेर ठेवते, म्हंजे माणूस येतोय-जातोय असं वाटावं. आन् रोज जेवणं झाली की मीच पायात जाड मोजे घालते, बूट चढवते, आन् ओट्यापासनं दारापर्यंत फेऱ्या मारते. ठाप ठाप ठाप. पहिल्यांदा घातले तवा मी पायरीवर बसून रडले. नंतर सवय झाली. माणूस गेला, पण बूट ड्यूटीवर हायत, असं मी म्हणायचे.

तर हे असं दीड वर्ष नीट चाललं. मग श्रावणात मागच्या गल्लीत दिवसाढवळ्या घरफोडी झाली. मास्तर-मास्तरीण शाळेत, आन् इकडं कपाट उताणं. पोलीस हवालदार आला व्हता चौकशीला. जाताना सगळ्या बायांना म्हणाला, "चोराला घरात कोण न्हाई हे आधी कळलेलं असतंय. आतलंच कुणीतरी सांगतंय." झालं. तो बोलून गेला आन् माझ्या डोक्यात भुंगा सोडून गेला.

त्याच आठवड्यात मी उसाच्या पाण्याचं बघायला कडेगावला गेले. जाताना बूट दारात ठेवले, नाक जिन्याकडं. परत आले, तर नाक भिंतीकडं.

मी जिन्यातच थांबले. कुलूप शाबूत, कोयंडा शाबूत, आत डाग जागेवर. नुसते बूट फिरलेले. आता मांजर काय बूट फिरवतंय व्हय? आन् फिरवलं तर दोन्ही एका रेषेत ठेवतंय?

पुढच्या खेपेला बुटांना चिखल. ओला, ताजा चिखल, टाचेपर्यंत. माझ्या नवऱ्याचे बूट घालून कुणीतरी फिरून आलं व्हतं. त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. चोर बघून गेला असणार, बूट उचलून बघितले असणार, आतनं कोण ओरडतंय का याची वाट बघितली असणार. कोण ओरडलं न्हाई. म्हंजे त्याला कळलं.

बंगल्यात माणसं दोनच घरची. मी, आन् खाली साबेरा. साबेरा माझ्याहून धाकटी, घरी फॉल-पिको करते, दिवसभर तिचं मशीन चालू. बोलायला गोड, पण मोजकंच. मीबी मोजकंच. जास्त बोललं की खोटं गळतंय. तिचा नवरा यासीन मिरजेकडं फळांच्या टेम्पोवर, पहाटे जातोय, रात्री उशिरा येतोय, असं तिनं सांगितलेलं.

आन् खरं सांगते, या यासीनचा मला आधार वाटायचा. रोज पहाटे अंधारात त्याचा खोकला यायचा. घसा खाकरून, छातीतनं काढलेला, बाप्याचा खोकला. मग गेटची कडी वाजायची. मी पांघरुणात म्हणायचे, चला, खाली एक बाप्या हाय. माझ्या घरातला खोटा असंना का, खालचा तरी खरा हाय. आन् मग मला उजाडेपर्यंत गाढ झोप लागायची.

आता तोच खोकला माझ्या डोक्यात जायला लागला. दीड वर्षात मी या माणसाचं तोंड बघितलं न्हाई. सणाला न्हाई, सुट्टीला न्हाई. ईदला साबेरा शिरखुर्म्याचं भांडं घेऊन आली, तर "ते मिरजेला गेलेत." टेम्पोवर जातोय तर टेम्पो कधी दारात दिसला न्हाई. तारेवर त्याचे शर्ट दोनच, एक चौकड्याचा, एक मोतिया, आळीपाळीनं. फळाच्या टेम्पोवरच्या माणसाच्या शर्टाला एक डाग नसावा? मला तर वाटायला लागलं, त्यो टेम्पोवर जातच न्हाई. जातोय ते भलतीकडंच.

तुमी म्हणाल, अंजना, स्वतः दारात मेलेल्या माणसाचे बूट ठेवून तू दुसऱ्याच्या नवऱ्याचे शर्ट मोजतीस. म्हणा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय उगाच न्हाई.

मग मी एक युक्ती केली. पुढच्या वेळी कडेगावला निघताना बुटांच्या पुढं रांगोळीची बारीक रेघ ओढली, पायरीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत. कुणी आलं तर पुसंल. परत आले. रेघ जागेवर. माझा जीव भांड्यात पडला. मग खाली वाकले, तर रेघ जाड. बोटानं उचलून बघितली, तर गव्हाचं पीठ.

रेघ पुसली, आन् पुसलेली कळू नये म्हणून परत काढली. एवढा मुरलेला माणूस. पीठ कुणाच्या घरातलं, ते काय सांगायला पायजे? बाई आपल्या मनानं असलं करत न्हाई, नवरा करायला लावतोय.

मी आत गेले आन् आण्णांना फोन लावला. म्हटलं, "आण्णा, खालचा भाडेकरू मला ठीक वाटत न्हाई. कवा दिसत न्हाई. माझ्या दारात कुणीतरी येऊन जातंय. मागं चोरी झालीय, तुमाला ठावं असंलच."

आण्णा गंभीर झाले. "बरं केलं सांगितलंस. मी रविवारी येतो. दोन्ही बाप्यांना समोर बसवू आन् सोक्षमोक्ष लावू. तुझ्या फौजीला सांग, घरात थांब म्हणून."

फोन ठेवला, मग ध्यानात आलं. दोन्ही बाप्ये! मी मेलीनं आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला व्हता. खालचा एक बाप्या आणतील, वरचा कुठनं आणू? कळलं की माझा फौजी नुसता बुटांचा हाय, तर आण्णा खोल्या खाली करायला लावतील. आन् लग्न दोन महिन्यांवर, डाग घरात, आन् गल्लीभर बोभाटा की वरची बाई एकटी हाय. मग चोराला आतलं कुणी लागतंय कशाला?

रविवारी सकाळी मी बूट आत घेऊन पलंगाखाली सारले. म्हंजे फौजी गेलाय. आण्णा धाकट्या पोराच्या गाडीतनं आले, पोरगा गाडीतच बसून राहिला. आण्णा खाली व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. साबेरानं चहा आणला. तिचा चेहरा पांढरा पडला व्हता. मला मनातनं बरं वाटलं. म्हटलं, आता कळंल.

"फौजी कुठाय?" आण्णांनी आधी मलाच विचारलं.

"कडेगावला गेले आण्णा. उसाची मोटार जळली."

"मी येणार हे सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं व्हतं."

"मागं बी मी आलो तवा उसात. त्याच्या आधी बी उसात." आण्णांनी कप खाली ठेवला. "अंजना, मी म्हातारा झालो, खुळा न्हाई झालो. तुझा नवरा मी एकदा बी बघितला न्हाई. हाय का खरंच?"

चांगलं रचून ठेवलेलं खोटं, पण ऐन वेळी एक शब्द सापडंना. खाली फरशीकडं बघत मी उभी.

तेवढ्यात साबेरा बोलली.

"हायत की आण्णा. आत्ता तुमी यायच्या आधी गेले. मी जिना पुसत व्हते, त्यांच्या बुटाचा चिखल पडला म्हणून मला परत पुसावा लागला. मी सलाम केला, तर नुसती मान हलवली. रागीट हायत, वहिनी म्हणतात तसे." आन् जरा थांबून म्हणाली, "रात्री वर फिरत असतात. त्यांच्या बुटांचा आवाज ऐकूनच मी झोपते."

मी मान वर केली. साबेरा माझ्याकडं बघत नव्हती. कपबशा गोळा करत व्हती.

मेलेला माणूस तिनं आज सकाळी जिन्यात बघितला व्हता. आन् सलाम केला व्हता.

आण्णांचा चेहरा सैल झाला. "बरं, तू बघितलं म्हणतीस तर हाय. मग आता तुझं. तुझा यासीन कुठाय? तुझी तर तक्रारच आलीय. तो दिसत न्हाई, त्याच्यावर संशय हाय. कुणी केली ते मी सांगत न्हाई."

सांगायची गरजच नव्हती. साबेरानं माझ्याकडं एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग न्हाई, काय न्हाई. दमलेली वाटली नुसती. म्हणाली, "ते मिरजेला गेलेत आण्णा."

"मग खोल्या खाली कर. नवरा घेऊन आलीस तर परत विचार करीन. मागं चोरी झालीय, मला बंगल्यात नुसत्या बाया नकोत."

आता बोलायची पाळी माझी व्हती. तिनं माझ्यासाठी एवढं मोठं खोटं बोलून टाकलं आन् मी काय मुकी व्हते?

"आण्णा, तक्रार मीच केली, आन् मीच चुकले," मी म्हटलं. "यासीनभाऊ परवाच भेटले मला. गॅसची टाकी वर आणून दिली त्यांनी, मला उचलंना तर. पैसे देत व्हते, घेतले न्हाईत. बिचारे पहाटे जातात ते रात्री येतात. पहाटे खोकतात ते मी रोज ऐकते. असा शेजार पुण्यात शोधून मिळणार न्हाई तुमाला."

"मग तुझ्या दारात येत व्हतं कोण?"

"मांजर," मी म्हटलं.

आण्णा आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग हात झटकून उठले. "तुमा बायांचं काय खरं न्हाई. आज तक्रार, उद्या गुणगान. चांगले दोन बाप्ये घरात असताना मला पुण्यासनं पळवलं." तारेवरच्या चौकड्याच्या शर्टाखालनं वाकून ते गेटबाहेर गेले आन् गाडीत बसले.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. आमी दोघी व्हरांड्यात.

"माझे बूट तूच फिरवायचीस?" मी विचारलं. एरवी मी तिला तुमी म्हणायचे, ते माझ्या ध्यानातच राहिलं न्हाई.

"व्हय."

"चिखल?"

"बाहेर एवढा पाऊस, आन् फौजीचे बूट कोरडे. दूधवाला येतोय, मीटर बघणारा येतोय. कुणाच्या बी नजरेत येईल, वहिनी. रांगोळी माझ्याच पायानं पुसली. तुमची रांगोळी कुठली सापडायला, म्हणून पिठानं काढली."

"तुला कवा कळलं?"

"लय आधी." ती पायरीवर बसली. "तुमी गावाला गेला की बूट दारात, म्हंजे माणूस आत. पण वर पाऊल वाजायचं न्हाई. नळ सुटायचा न्हाई. कसला बी रागीट माणूस असला तरी तोंड तरी धुतंय का न्हाई? पहिल्यांदा मी घाबरले. म्हटलं, वर कोण न्हाई. मग म्हटलं, मला कळलं तसं दुसऱ्याला कळायला नको."

"मग मला बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी रात्रीचं चालणं बंद केलं असतं. मला त्या आवाजावर झोप लागायची."

"मीच चालते हे माहीत असून बी?"

"माहीत असून बी."

मी तिच्याशेजारी बसले. मला माझी लय लाज वाटत व्हती, आन् लाज वाटली की मी रागावते, तो माझा स्वभाव हाय. म्हटलं, "अगं, पण यासीनचं मी त्यांना सांगून बसले. आता त्याला एकदा तरी आण्णांच्या पुढं उभा कर. उद्या ते फोन करतील, मग काय सांगशील?"

साबेरा तारेवरच्या शर्टाकडं बघत राहिली. "यासीन दोन वर्षांमागं गेले, वहिनी. मिरजेच्या दवाखान्यात. किडनी गेली व्हती. शर्ट तेवढे राहिलेत. घालत कोण न्हाई, म्हणून डाग पडत न्हाई."

शर्ट वाऱ्यानं हलला. एवढ्या मोठ्या बंगल्यात, ज्याला राखण हाय म्हणून आण्णा निवांत पुण्याला जाऊन बसले व्हते, त्यात बुटांचा एक जोड व्हता आन् दोन शर्ट व्हते.

मग एकदम माझ्या डोक्यात आलं. "अगं, मग पहाटे खोकतंय कोण?"

साबेरानं मान खाली घातली. घसा खाकरला. आन् छातीतनं तोच खोकला काढला, जाड, बाप्याचा, जो ऐकून मी दीड वर्ष झोपले व्हते.

"गेटची कडी बी मीच वाजवते," ती म्हणाली.

आमी हसलो का रडलो ते मला नीट सांगता यायचं न्हाई. दोन्ही झालं. नंतर तिनं कपबशा विसळल्या आन् मी वर आले.

त्या रात्री जेवण करून मी पलंगावर बसले. बूट पलंगाखालीच व्हते. ते काढावेसे वाटंनात. म्हटलं, आता कुणासाठी चालायचं? खालचीला सगळं ठावं हाय, मला सगळं ठावं हाय. आज पहिल्यांदा बंगला खराच रिकामा वाटला. प्लायवूडच्या दाराकडं बघत बसले, मिस्त्रीचा शब्द आठवत.

तेवढ्यात खालनं खोकला आला. पहाटेचा खोकला, भलत्या वेळी, रात्री. एकदा आला, मग जरा थांबून परत आला. ती वाट बघत व्हती.

मी मोजे चढवले, बूट बाहेर ओढले, नाड्या बांधल्या, आन् ओट्यापासनं दारापर्यंत चालायला लागले.